दोरा विरघळेपर्यंत

थंडी पडली की चाकं मलूल होतात. रात्री टणटणीत असलेलं चाक सकाळी बघावं तर जमिनीला पोट टेकून बसलेलं. त्यामुळे कडाक्याची थंडी म्हणजे मावशीच्या धंद्याचे दिवस. त्या सकाळी तर धुकं असं होतं, की रस्त्यापलीकडच्या बेकरीचा नुसता वास येत होता, बेकरी काही दिसत नव्हती. मावशीने दुकानाची फळी वर केली, कॉम्प्रेसरचं बटण दाबलं, आणि तो खोकत, कण्हत, अंग झटकत सुरू होतोय तोवर पुढ्यात सायकलींची रांग लागली. तिच्या शेवटी दूधवाल्याची तीनचाकी फटफटत उभी.

"मावशी, सुटला का दोरा?" दूधवाल्याने हवेच्या आधी हेच विचारलं.

"सुटला असता तर तुला विचारायला वेळ मिळाला असता का रे? चौकातून बोंबलत आले असते मी."

"लवकर सोडवा बुवा. आमच्या घरी पैज लागलीय. बायको म्हणते या आठवड्यात, मी म्हणतो पुढच्या."

"मग मी तुझ्या बायकोच्या बाजूने," मावशी म्हणाली आणि पहिल्या सायकलीला नळी लावली.

हा दोरा मावशीच्या डोळ्यात होता. उजव्या. तो कधी विरघळतो याकडे सगळा रस्ता कान लावून बसला होता. न्हावी खुर्चीतल्या माणसाच्या गालाला फेस लावताना विचारायचा, शाळेत निघालेली पोरं सायकलवरून न उतरता ओरडून विचारायची. गल्लीत एखादीचे दिवस भरले म्हणजे जशी येणारी-जाणारी चौकशी करतात ना, तसं चाललं होतं. फरक एवढाच, की इथे दिवस भरलेत की नाहीत हे बाहेरून बघून कुणालाच कळत नव्हतं.

हवा भरताना मावशीने उभ्या आयुष्यात मीटर वापरला नव्हता. मीटर होता, खिळ्याला टांगलेला, पण तो शंकेखोर गिऱ्हाइकांसाठी. तिचा मीटर म्हणजे तिचा उजवा अंगठा. चाकावर एकदा दाबला की ती आकडा सांगायची, आणि कुणी मीटर लावून पाहिलंच तर काटा तिथेच जाऊन थांबायचा. सध्या मात्र या अंगठ्याने टोपी घातली होती. फुलाफुलांच्या कापडाची, खाली इलॅस्टिक. ही टोपी नणंदेने शिवली होती. ती का शिवावी लागली, हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

दुकान मावशीच्या वडिलांचं. लहानपणी बाकीच्या पोरी बाहुल्या खेळायच्या तेव्हा ही पाण्याच्या घमेल्यापाशी बसून बुडबुडे बघायची. ट्यूब पाण्यात बुडवली की भोक कुठे आहे ते पाणी स्वतःच्या तोंडाने सांगतं, याचं तिला फार नवल. वडील थकले, दुकान तिच्याकडे आलं, आणि समोरच्या बेकरीतला एक पोरगेला भट्टीवाला रोज सकाळी सायकलीत हवा भरायला येऊ लागला. चाकं गच्च भरलेली असायची. भरलेल्या चाकात हवा भरून घेणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर प्रेमात पडलेला. मावशीने दोन्ही धरून चालून त्याच्याशी लग्न केलं. तो पिठाच्या गोळ्यात बोट खुपसून पीठ फुगलं की नाही सांगतो, ही चाकावर अंगठा दाबून. नवराबायको दोघंही बोटाने जग तपासणारे. त्याची थोरली बहीण यांच्याच घरी राहते, शिवणकाम करते, आणि जिभेलाही सुईसारखंच टोक ठेवून आहे.

आजार आला तो भांडणांच्या वाटेने. मावशी गिऱ्हाइकांवर खेकसायला लागली. "चोरासारखा बाजूने काय येतोस रे?" गिऱ्हाईक बिचारं नेहमीच्याच बाजूने आलेलं असायचं. डावीकडे ठेवलेला पाना गायब व्हायचा आणि थोड्या वेळाने तिथेच सापडायचा. नणंद बाजारात शेजारून गेली तरी हिचं लक्ष नाही. "वहिनींना आता माणसं दिसत नाहीत, फक्त चाकं दिसतात," असं तिने घरी येऊन दोन दिवस ऐकवलं. शेवटी मावशी भर दिवसा दिव्याच्या खांबाला धडकली आणि वर खांबालाच शिव्या देऊ लागली, तेव्हा नवऱ्याने तिला तिच्याच सायकलवर बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

काचबिंदू. डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि सतत बाहेर निघून जातं. बाहेर जायची वाट तुंबली की आत दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. आधी कडेचं दिसेनासं होतं, आणि गेलेलं परत येत नाही. डावा डोळा जवळजवळ गेलाच होता. उजव्यात मधली एक खिडकी तेवढी उघडी होती.

थेंब सुरू झाले. मग एक ऑपरेशन झालं, पाण्याला नवी वाट करून दिली, पण मावशीची कातडी जखम भरण्यात एवढी तरबेज, की तिने ती वाटही भरून टाकली. दाब पुन्हा चढला.

"बत्तीस," डॉक्टरीणबाई निळा दिवा बाजूला करत म्हणाल्या. मावशीच्या भाचीएवढ्या वयाची बाई, पण आवाज शाळेच्या हेडबाईंसारखा.

"बत्तीस पाउंड?" मावशीने विचारलं.

"पाउंड नाही हो. पाऱ्याचे मिलिमीटर. आणि हवा नाही, पाणी. पण तुमच्या डोळ्याला हे फार आहे, मावशी. असंच राहिलं तर ती खिडकी बंद होईल."

ही गोष्ट मावशीला कळली. आता चाक फिरवून त्याची डगमग बघायची, पाण्यातला बारीक बुडबुडा पकडायचा, भट्टीतून बाहेर आलेल्या नवऱ्याच्या भुवयांवरचं पीठ बघून हसायचं, हे सगळं त्या एका खिडकीतून. तीही मिटली तर?

डॉक्टरीणबाईंनी खणातून एक नमुना काढून तिच्या तळहातावर ठेवला. अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी, मऊ, पांढरी चकती, दोन्हीकडे पंख पसरलेली. तिला बारीक शेपटी. शेपटी आतून पोकळ.

"या नळीचं टोक डोळ्याच्या आत राहील. चकती बाहेरून, वर, पापणीच्या आड, कुणाला दिसणार नाही. आतलं जादा पाणी नळीतून चकतीवर येईल आणि तिथून शरीर ते शोषून घेईल."

मावशीने नमुना उलटा केला, सुलटा केला, डोळ्याजवळ नेला. "आणि व्हॉल्व्ह कुठाय?"

"याला नसतो. व्हॉल्व्हवालं वेगळं मिळतं, ते फार महाग. हे साधं आहे, म्हणून स्वस्त. म्हणून तर सगळ्यांना बसवता येतं."

"बाई, बिनव्हॉल्व्हची ट्यूब मी कुणाच्या चाकात घातली ना, तर तो मला चाकासकट उचलून नाल्यात टाकेल."

डॉक्टरीणबाई हसल्या. "तुमचं बरोबर आहे. नळी पहिल्या दिवसापासून उघडी ठेवली तर पाणी भसकन जाईल आणि डोळा बसेल. म्हणून मी ती दोऱ्याने गच्च आवळून बांधते. तो दोरा हळूहळू विरघळतो, महिना-दीड महिना घेतो. तोवर शरीर त्या चकतीभोवती एक पातळ पापुद्रा विणतं, पिशवीसारखा. दोरा सुटला की पाणी त्या पापुद्र्यातून झिरपत, बेताने जातं. तो पापुद्रा म्हणजेच तुमचा व्हॉल्व्ह."

"म्हणजे व्हॉल्व्ह मीच बनवायचा?"

"तुमची कातडी बनवेल. मागच्या वेळी तिने वाट भरून टाकली ना? तिची तीच खोड या वेळी आपण कामाला लावू. तुम्ही फक्त काही करायचं नाही."

"हे अवघड आहे," नवरा कोपऱ्यातून म्हणाला. "काही न करणं हिला जमत नाही."

घरी आल्यावर मावशी दिवसभर धुसफुसत होती. स्वस्तातली वस्तू डोळ्यात घालायची म्हणजे काय! नणंद मशीन चालवता चालवता ऐकत होती. शेवटी तिने पायडलवरचा पाय काढला.

"वहिनी, काल त्या तपकिरी कोटवाल्याला तुम्ही काय सांगितलंत? वरचं नाव सोडलं तर रबर तेच आहे, ही साधी ट्यूब घाल, चालेल. सांगितलंत ना?"

"ते चाक होतं, वन्सं."

"बसणार तर तोही त्यावरच होता ना, अख्खा. डोकं त्याचंही फुटलं असतं!"

दुसऱ्या दिवशी ती स्वतः दवाखान्यात जाऊन म्हणाली, "घाला."

ऑपरेशनच्या वेळी डोळा बधिर होता, पण कान नव्हते. चेहऱ्यावरच्या हिरव्या कापडाखाली मावशी सगळं ऐकत पडली होती. "दोरा द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि कापडाखालून आवाज आला, "दुहेरी गाठ मारा हो." नर्स इतकी हसली की तिला बाजूला व्हावं लागलं.

आणि मग वाट बघणं सुरू झालं. चोळायचं नाही, दाबायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. मावशीला सगळं जमलं, दाबायचं नाही एवढं सोडून. अंगठ्याला कुठे माहीत होतं ऑपरेशन झालंय ते! आयुष्यभर ज्याच्यात काही भरलंय ते त्याने दाबून पाहिलं होतं. चाक, उशी, भोपळा, शेजारणीच्या बाळाचे गाल. पहिल्याच संध्याकाळी नवऱ्याने तो डोळ्याच्या दिशेने निघालेला पाहिला आणि वाटेतच पकडला.

"अगं काय करतेस?"

"अहो, फक्त बघत होते किती भरलाय."

नणंद उठली, चिंध्यांच्या पिशवीतून फुलाफुलांचा तुकडा काढला आणि तिथल्या तिथे टोपी शिवली. "ही दिसली की आठवेल. आणि नाही आठवलं तर निदान कापड तरी मध्ये येईल."

दुकान पुन्हा उघडायची परवानगी मिळाली ती अटींवर. डोळ्यावर मोठा चष्मा, अंगठ्यावर टोपी. वाकायला लागू नये म्हणून नवऱ्याने घमेलं ब्रेडच्या दोन रिकाम्या क्रेटांवर चढवलं आणि समोर उंच स्टूल ठेवलं. जड चाकं गिऱ्हाइकांनी स्वतः उचलायची. दर तपासणीला मावशी नटूनथटून जायची, जणू दोऱ्याची पाठवणीच करायची आहे. निळा दिवा यायचा, डॉक्टरीणबाई मान हलवायच्या. "अजून नाही. थेंब चालू ठेवा." थेंबांनी दाब कसाबसा रोखून धरला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. दोरा सुटून नळी चालली नाही तर पुढे काय, हे कुणी विचारत नव्हतं.

तर त्या थंडीच्या सकाळी मावशी हवा भरत होती. श्वासाच्या वाफेने चष्म्यावर धुरकट थर आला, म्हणून तिने तो कपाळावर सरकवला. पहिल्याच पंक्चरला अंगठ्याची टोपी घमेल्यात भिजली आणि बोट गारठलं, म्हणून ती काढून कॉम्प्रेसरच्या गरम डोक्यावर वाळत घातली. रांग मोठी. हात लावायचा, नळी लावायची, अंगठा दाबायचा. हे बरोबर. हे बरोबर. हे नरम, आणखी दोन फटके. हे बरोबर. उजवा डोळा सकाळपासून जरा जड वाटत होता. हे बरोबर. हे बरोबर. आणि त्याच लयीत, पुढचं चाक समजून, अंगठा वर गेला आणि मिटल्या पापणीवर दाबला गेला.

नरम.

मावशी जागच्या जागी थिजली. हवा गेलेलं चाक ओळखायला तिला कधी दुसऱ्यांदा दाबावं लागलं नव्हतं. आणि हा डोळा चांगलाच नरम होता, फुगायला ठेवलेल्या पिठासारखा. तिने डोळा उघडला. दूधवाल्याची तीनचाकी पुसल्यासारखी दिसत होती.

"धुकं वाढलं का रे?" तिने विचारलं.

"कुठलं धुकं?" दूधवाला म्हणाला. "सकाळी जरा होतं, ते कधीच उतरलं. कडक ऊन पडलंय की."

"तुला बेकरीची पाटी दिसते?"

"पाटी काय, आत भट्टीवाले दादा उभे आहेत तेही दिसतात."

हातातली नळी सुटली आणि जमिनीवर सापासारखी वळवळत फुसफुसू लागली. "अहोऽऽ!" अशी हाक तिने मारली, की बेकरीत पाव घ्यायला आलेली माणसंसुद्धा बाहेर आली. नवरा कोपरापर्यंत पीठ घेऊन धावत आला. वरच्या खिडकीतून नणंदेने विचारलं, काय झालं, आणि उत्तराची वाट न बघता गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून खाली उतरली.

"फोडला," मावशी म्हणाली. "मी माझा डोळा माझ्या हाताने फोडला."

दूधवाल्याने कॅन सरकवून जागा केली. पुढे तो, मागे कॅनच्या मध्ये हे तिघं. तीनचाकी अशी सुटली, की वळणावर झाकणं थाळ्यांसारखी वाजली आणि सिग्नलचा पोलिस शिट्टी तोंडाला लावायची विसरला. नवऱ्याने मावशीचे दोन्ही हात आपल्या पिठाळ हातात घट्ट धरले होते, त्यातही उजवा अंगठा मुठीत. नणंद आज चक्क काही बोलत नव्हती, आणि मावशीला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

दवाखान्यात आधी बसायला सांगितलं, तेव्हा नणंदेला वाचा फुटली. ती अशी फुटली की तिघांना लगेच आत घेतलं.

"दाबला," मावशीने खुर्चीत बसताक्षणी कबूल करून टाकलं. "विसरले. चाक समजून दाबला. नरम लागला आणि सगळं पुसलं गेलं."

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घातला. हनुवटी टेकवा. समोर बघा. निळा दिवा जवळ आला. खोलीत नवऱ्याच्या अंगाचा ताज्या पावाचा वास भरला होता. दिवा गेला, दुसरा आला, उजेडाची बारीक फट डोळ्यावरून इकडून तिकडे फिरली. परत निळा.

"धूसर कधीपासून दिसतंय?"

"दाबल्यापासून."

"त्याआधी नव्हतं?"

"त्याआधी धुकं होतं ना. दुकान उघडलं तेव्हा बेकरीसुद्धा दिसत नव्हती."

"कोण म्हणतं?" नवरा म्हणाला. "मी भट्टीपासून तुला हात केला, रोजच्यासारखा. तू बघितलंच नाहीस. मला वाटलं, रागावली असशील."

"धुकं होतं, पण एवढं नव्हतं," नणंद म्हणाली. "मी वरच्या खिडकीतून पाटी वाचू शकत होते की."

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. मग त्यांच्या त्या हेडबाईच्या चेहऱ्यावर कुठून तरी हसू सुटलं आणि ते त्यांना आवरेना.

"मावशी, तुमचा दोरा सुटलाय! रात्री किंवा पहाटे, तुम्ही दाबायच्या आधीच. नळी उघडली, दाब एकदम उतरला, म्हणून जड वाटलं आणि धूसर झालं. असं होतं. काही दिवसांत निवळेल. नळी जागच्या जागी आहे, आतली जागाही छान आहे, डोळा बसलेला नाही."

"किती आहे?" मावशीने खुर्चीचे हात धरून विचारलं.

"अकरा."

"अकरा!" मावशी अशी उठली, की हनुवटी ठेवायचा दांडा थरथरला. "अहो, अकरा! बत्तीसवरून अकरा! वन्सं, ऐकलंत? बिनव्हॉल्व्हची! बिनव्हॉल्व्हची, साधी, स्वस्त, आणि अकरा!"

"खाली बसा आधी," डॉक्टरीणबाईंचा जुना आवाज परत आला. "आज तुम्ही नशिबाने वाचलात. जोरात दाबलं असतं तर नळी सरकली असती. त्यात तो ग्रीसचा अंगठा. डोळ्यात जंतू गेले असते तर मला काही करता आलं नसतं. कळलं?"

"कळलं," मावशी म्हणाली, आणि या वेळी तिचं हसू खरोखरच उतरलं. तिने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. काळा, चिरा पडलेला, नखात रबर. "आणि गेलेलं? ते कडेचं?"

"ते येणार नाही. मी तसं कधी म्हटलंही नाही. पण आहे ते राखायची खरी सोय आज झाली. दाबाचे थेंब कमी करू, सूज उतरायचे चालू ठेवू. परवा परत या. मधल्या काळात दुखलं, जास्त अंधारलं, तर तशाच धावत या, दुधाच्या गाडीतून."

बाहेर आल्यावर नवरा भिंतीला टेकून उभा राहिला आणि पिठाच्या हाताने डोळे पुसू लागला. "तुम्ही तुमचे चोळू नका," मावशी म्हणाली. "पीठ जाईल." मग तिनेच पदराने पुसले.

बातमी त्यांच्या आधी कशी पोचली कोण जाणे. चौकात वळताच न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात, मागे अर्धी दाढी झालेला माणूस. "सुटला?" "सुटला!" मावशी तीनचाकीतून उभी राहून ओरडली, नणंदेने तिला पदराला धरून खाली बसवलं. दूधवाल्याने भोंगा दाबूनच धरला. पोरांनी सायकलींच्या घंट्या वाजवल्या, बेकरीच्या मालकाने गरम बिस्किटांची परात बाहेर आणून ठेवली आणि कुणाला किती घ्या म्हणून सांगितलंच नाही.

"बायको जिंकली," दूधवाला डोक्याला हात लावून म्हणाला. "आता वर्षभर ऐकवेल." मग त्याने गाडी पुढे घ्यायला पाहिलं, तर मागचं चाक रस्त्याला फतकल मारून बसलं होतं. त्या वळणांत कुठे तरी खिळा घेतला होता त्याने.

सगळे मावशीकडे बघू लागले. नणंद कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आज नाही हं, वहिनी."

"हिच्यात बसून गेले मी, वन्सं. आणि दूध नासेल त्याचं."

नणंदेने एक सुस्कारा सोडला, कॉम्प्रेसरवर वाळलेली टोपी उचलली आणि तिच्या अंगठ्यावर स्वतःच्या हाताने चढवली. इलॅस्टिक चटकन ओढून सोडलं. कपाळावरचा चष्मा नवऱ्याने खाली ओढला. दूधवाल्याने चाक काढून दिलं.

मावशी उंच स्टुलावर बसली. घमेल्यातलं पाणी बदलून घेतलं. ट्यूबमध्ये थोडी हवा भरली, ती पाण्यात बुडवून हळूहळू फिरवू लागली. बुडबुडा धूसर दिसत होता, म्हणून तिने कान जवळ नेला.

"ए पोरांनो, घंट्या बंद करा जरा," ती म्हणाली. "आणि खिळ्याला टांगलेला तो मीटर काढून ठेवा. शेवटी लागेल."